टायमिंग चेन बदलण्याआधी: घरच्या पडवीत इंजिन सोडणं आणि धुणं

आचऱ्याहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलात, तर कितीतरी मोटारसायकलींच्या मागे मासळीचा क्रेट बांधलेला दिसेल. त्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी इंजिनाच्या मागच्या बाजूवर ठिबकत असतं. इंजिन गरम, त्यामुळे पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. त्यावर लाल मातीची धूळ बसते, पॅकिंगमधून पाझरलेलं तेल तिला घट्ट धरून ठेवतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचं असं कवच तयार होतं की बोल्टचं डोकं कुठे आहे तेही चाचपावं लागतं. मग एक दिवस डावीकडून खडखड सुरू होते, कुणीतरी सांगतं टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला फिरवणारी आतली साखळी, गेली, आणि आपण पाना घेऊन बसतो.

नवी चेन चढवायला अर्धा तास पुरतो. तिच्या आधीचं सोडणं, धुणं आणि पाहणं पहिल्या वेळी दीड-दोन दिवस खातं, आणि नवशिका घाई करतो ती नेमकी इथे. ज्यांच्या हाताखाली मी हे शिकलो ते मिस्त्री पाना हातात देण्याआधी एवढंच म्हणायचे, "आधी धू, मगे बघ." हा लेख मुख्यतः त्या धुण्याबद्दल आहे.

मी बोलतोय ते 97.2 सीसीचं आडव्या सिलिंडरचं इंजिन. 1985 साली हिरो होंडाच्या सीडी 100 बरोबर ते आपल्या रस्त्यांवर आलं, 1994 च्या स्प्लेंडरने गावोगाव पोचवलं. बोअर 50 मिमी, स्ट्रोक 49.5 मिमी, दोन व्हॉल्व्ह, हवेवर थंड होणारं. शिकायला याच्यासारखं इंजिन नाही, कारण सुटे भाग कणकवली-कुडाळलाच काय, लहान बाजारातही मिळतात. तुमची गाडी एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस-6 असेल, तर तिच्यात कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आहे, सेन्सरच्या वायरी आहेत. पहिला हात तिच्यावर नका मारू.

आवाज चेनचाच आहे ना?

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूंचा, आवाज हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या टोपणातून, येतो, बारीक आणि एका लयीत, शिवणयंत्रासारखा. टायमिंग चेनचा आवाज डावीकडून येतो, खुळखुळ्यासारखा विस्कळीत, आणि रेस सोडताना जास्त ऐकू येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेंबरवर (इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीवर) टेकवून मूठ कानाला लावली की फरक लगेच कळतो. हात आणि कपडे फिरणाऱ्या भागांपासून लांब ठेवा.

काही सोडण्याआधी तेलाची पट्टी काढून पाहा. या इंजिनात चेन ताणून धरणारा पुश रॉड स्प्रिंगच्या जोडीला तेलाच्या आधारानेही काम करतो. तेल कमी असेल किंवा चिखलासारखं झालं असेल, तर चांगली चेनही खडखडते. मी दोनदा असं पाहिलंय की तेल बदललं, पुश रॉड काढून धुतला आणि आवाज गेला. नवी चेन पुडक्यातच राहिली.

आवाज चेनचाच ठरला, तर गाडी चालवत राहू नका. चेन ताणली जाते म्हणजे तिच्या प्रत्येक कडीच्या पिनेत केसाएवढी झीज होते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून ती लांब होते. मग व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, गाडी चढावर दमते, ॲव्हरेज पडतं. फार ढिली झाली तर ती स्प्रॉकेटवर, म्हणजे तिच्या दातेरी चाकावर, एक-दोन दात सरकू शकते, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आपटला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

वेळ आणि जागा

शिमगा उरकला की मृगाच्या आधीपर्यंत हे काम करून टाकावं. पावसात उघडलेलं इंजिन म्हणजे रात्रीत गंज. सिलिंडरचा आतला भाग लोखंडाचा असतो, धुऊन तेल न लावता ठेवला तर आपल्या हवेत सकाळपर्यंत त्याच्यावर तांबूस झाक येते. उन्हाळ्यातही सोडण्याचं काम सकाळी करा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि किनाऱ्याजवळच्या घरात तो बारीक वाळू घेऊन येतो. उघडं चेंबर आणि दुपारचा वारा यांची गाठ पडू देऊ नका.

सारवलेल्या खळ्यात बसणार असाल तर खाली काहीतरी अंथरायलाच हवं, नाहीतर शेणाचे पोपडे आणि गवताच्या काड्या थेट पार्टांत जातील. जुना फ्लेक्सचा बॅनर यासाठी उत्तम. तेल आत मुरत नाही, पडलेलं वॉशर चटकन दिसतं, काम झाल्यावर पुसून गुंडाळून ठेवता येतो. छापलेली बाजू खाली, पांढरी वर. चूल, देवघरातली समई आणि विडी ओढणारे शेजारी या तिन्हींपासून जागा लांब हवी.

हत्यारं आणि सामान

8, 10, 12, 14 आणि 17 नंबरचे गोटी पाने आणि टी पाने, चांगल्या टोकाचा मोठा स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, प्लास्टिकची हातोडी, फिलर गेज. एवढं तर लागतंच. दोन हत्यारांत मात्र काटकसर करू नका. एक, मॅग्नेट पुलर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरचं चुंबकांचं चाक ओढून काढणारं हत्यार. दुकानात गाडीचं मॉडेल सांगून मागा. मॅग्नेटवर हातोडी मारून तो काढणारे असतात, त्यांचं ऐकू नका. मॅग्नेटला तडा जातो किंवा क्रँकचं टोक वाकडं होतं. दुसरं, इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने वर ठोकलं की दाबतही जातो आणि फिरतही जातो तो. मिठाने धरलेला स्क्रू साध्या ड्रायव्हरने सोडायला गेलात तर त्याच्या डोक्याची खाच पुसली जाते, आणि मग ड्रिल आणावं लागतं. टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, विकत घेणं परवडत नसेल तर जोडणीच्या दिवसापुरती कुणाकडून तरी मागून आणा.

सामानात टायमिंग चेन, तिचे दोन्ही रबरी रोलर, पुश रॉडच्या टोकाचं रबर, ओ-रिंगांसह हाफ इंजिनचा (हेड आणि सिलिंडर काढून करायच्या कामाचा) पॅकिंग सेट, पिस्टन पिनेच्या दोन सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या), नवं तेल. चेन नवी आणि रोलर जुने असं कधीही करू नका. झिजलेला रोलर नव्या चेनला पहिल्या दिवसापासून तिरकी चालवतो.

भांडी घरातलीच चालतात. करवंट्या मात्र आठ-दहा जमवा. स्वच्छ घासलेली करवंटी हे नट-वॉशर ठेवायचं फार सोयीचं भांडं आहे. फ्लेक्सवर ती डावीकडून उजवीकडे मांडत जायची, सोडण्याच्या क्रमाने, आणि आत खडूने नंबर घालायचा. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं. फोनवर फोटो काढाच, पण वॉशर तांब्याचं होतं की लोखंडाचं हे फोटोत ओळखता येत नाही. करवंटीत ते समोर असतं.

पहिलं धुणं, बंद इंजिनाचं

सोडण्याच्या दोन दिवस आधी गाडी डबल स्टँडवर घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या तोंडावर आणि सायलेन्सरच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा. बॅटरीच्या वायरी काढून ठेवा. आता इंजिनावर ब्रशने डिझेल लावा आणि अर्धा तास सोडून द्या. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. मिळत असेल तर तेही चांगलं. पेट्रोल नको. त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि दहा हातांवरच्या चुलीवर पेटते.

कवच मऊ झालं की बांबूची कामटी चाकूने पातळ करून तिने खरवडा. फिनांच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या, मधली जागा कामटीने निघते, तारेच्या ब्रशने नाही. नारळाच्या काथ्याने चोळा, मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी, आणि शेवटी साधं पाणी. हे शेवटचं पाणी गोडं हवं. समुद्रालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्याने धुतलंत तर जे मीठ काढायला बसलात तेच पुन्हा घातलंत. हंडाभर प्यायचं पाणी बाजूला काढून ठेवा. प्रेशर वॉशरची धार वापरू नका. ती सील आणि पॅकिंगमधून पाणी आत घालते.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला लावू नका. पिस्टनवरचा कार्बन त्यात उकळून काढायची जुनी रीत मी पाहिलेली आहे. कॉस्टिक ॲल्युमिनियमच खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. कार्बनही जातो आणि पिस्टनही.

पाणी निथळलं, ऊन लागलं, की प्रत्येक बाहेरच्या नट-बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल टाका. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये लोखंडी बोल्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन धातूंची छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड होते आणि ती पूड बोल्टला आट्यांत जखडून टाकते. तेल दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ टाकत राहा. मधे एकदा दोन्ही पिशव्या काढून इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करा आणि पुन्हा थंड होऊ द्या. तापताना ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, जखडण सैल होते, तेल आत उतरतं. बोल्ट सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी आणखी एक दिवस द्या. तुटलेला बोल्ट काढणं आणि गेलेले आटे पुन्हा पाडणं हे वर्कशॉपचं काम आहे.

आणि प्लग. हा परिच्छेद दोनदा वाचा. आडव्या इंजिनात प्लगच्या भोवतीच्या खळग्यात पुढच्या चाकाने उडवलेली वाळू साठते. प्लग सरळ पिळून काढला तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. पहिल्या इंजिनाच्या वेळी मी हेच केलं. बाकी सगळं नीट जमलं, चेन बसली, गाडी सुरू झाली, आणि महिन्याभरात निळा धूर येऊ लागला. उघडलं तर सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागतील असे ओरखडे. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, बोअर करून (आतून मोठा कोरून) ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागला. म्हणून प्लग आधी फक्त अर्धा आटा सैल करा, भोवती सायकलच्या पंपाने हवा मारा, ओल्या ब्रशने खळगा पुसा, पुन्हा हवा मारा, आणि मग काढा. पंक्चरवाल्याकडची हवा वापरणार असाल तर नळी आधी दहा सेकंद मोकळ्यात सोडा. आपल्या दमट हवेत त्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

सोडण्याचा क्रम

पुष्कळ मिस्त्री हे काम इंजिन गाडीवर ठेवूनच करतात. पहिल्या वेळी मात्र खाली उतरवा, असं माझं मत आहे. खालची बाजू धुता येते आणि मान वाकडी करून मार्क पाहावे लागत नाहीत.

तरी काही नट गाडीवरच सैल करायचे असतात. आधी इंजिन कोमट असताना तेल सोडा, तळाच्या बोल्टमधून, स्वच्छ पांढऱ्या डब्यात. ते फेकू नका, पुढे पाहायचंय. मग डावं कव्हर काढा. टॉप गिअर टाका, मागची चेन जागेवर असू द्या, कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, आणि मॅग्नेटचा मधला नट सैल करा. इंजिन फ्लेक्सवर आल्यावर हाच नट तुम्हाला तासभर खेळवेल, कारण तेव्हा क्रँक धरायला काही नसतं.

त्यानंतर सायलेन्सर, कार्ब्युरेटर, क्लच केबल, गिअर लिव्हर, किक, वायरींचे कनेक्टर, मागची चेन. शेवटी इंजिनाचे बोल्ट. उतरवताना दोन माणसं हवीत, आणि खाली भाताचं पोतं किंवा जुना टायर. कार्ब्युरेटर निघाला की हेडच्या तोंडात आणि सायलेन्सरच्या भोकात भडक रंगाची चिंधी घाला. लाल किंवा पिवळी. काळी चिंधी आत विसरली जाते. चिंधी धागे न सुटणारी, जुन्या सुती साडीची असली तर छान.

हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढलं की कॅम स्प्रॉकेट दिसतो. मॅग्नेट हाताने, डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. इंजिन त्याच दिशेने चालतं. मॅग्नेटवरचा टी मार्क चेंबरच्या खुणेसमोर आणि त्याच वेळी स्प्रॉकेटवरचा ओ मार्क हेडवरच्या खाचेसमोर आला की थांबा. टी जुळला पण ओ उलट्या बाजूला दिसतोय, तर आणखी एक पूर्ण फेरी द्या. कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या दुप्पट दाते असतात, त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. दोन्ही मार्क जुळले म्हणजे पिस्टन वर आहे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, हाताने किंचित हलतात. इथे फोटो काढा, जवळून आणि लांबून. चेन ताणलेली असेल तर ओ मार्क खाचेपासून थोडा सरकलेला दिसेल. तीही नोंद ठेवा.

आता इंजिनाच्या तळाकडचा टेन्शनरचा बोल्ट काढा. मागोमाग स्प्रिंग आणि पुश रॉड निघतात. ताण गेल्यावर कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट सोडा. मग पुलरने मॅग्नेट. पुलर आधी हाताने शेवटपर्यंत पिळा, तो पूर्ण बसला की मगच पाना लावा. अर्धवट आट्यांवर जोर दिला तर मॅग्नेटचे आटे जातात. मॅग्नेटखाली क्रँकवर अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी असते, ती लगेच करवंटीत टाका. मॅग्नेटच्या आतल्या चुंबकांना लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, तेव्हा तो फ्लेक्सवर उघडा टाकू नका, कपड्यात गुंडाळा. नंतर कॉइल प्लेट, तिच्यामागे ऑइल सील आणि ओ-रिंगा. तिच्या पलीकडे चेन.

इथे थांबून ठरवायचंय. नुसती चेन बदलायची तर या इंजिनात हेड काढावं लागत नाही. गाडी धूर काढत नसेल, किकला दम असेल, तर हेड आणि ब्लॉकला हात लावू नका, असंच मी नवख्याला सांगेन. चांगल्या बसलेल्या पिस्टन-रिंगा उगाच हलवून फायदा नाही. धूर येत असेल, किक मऊ झाली असेल, किंवा सिलिंडरमधल्या रोलरचे तुकडे दिसत असतील, तर हाफ इंजिन करा.

ते करायचं ठरलं तर हेडचे चार नट एका दमात सोडू नका. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, पाव-पाव फेरी. नट आणि वॉशर सगळे सारखे नसतात, कुठलं वॉशर कुठल्या नटाखालचं ते करवंटीत तसंच राहू द्या. एका खांबालगत तेलाची वाट वर हेडमध्ये जाते आणि तिथलं वॉशर चुकलं तर तेल बाहेर येतं. हेड चिकटलं असेल तर प्लास्टिकच्या हातोडीने जाड भागावर हलके ठोके द्या. फिनवर ठोका बसला की ती तुटते. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ब्लॉक काढताना तो पूर्ण सुटण्याआधी चेंबरच्या तोंडात चिंधी कोंबा. पिस्टनची सर्क्लिप उडते, आणि चिंधी नसेल तर ती थेट चेंबरमध्ये. मग सगळं इंजिन फाडावं लागतं.

दुसरं धुणं, उघड्या इंजिनाचं

तेलाचा पांढरा डबा आता उन्हात घ्या आणि काडीने ढवळा. चंदेरी चमक म्हणजे ॲल्युमिनियम, चुंबकाला चिकटला तो लोखंडाचा कीस, आणि काळे रबरी चुरे म्हणजे रोलर. चेनच्या खडखडीत हे रबर हमखास असतं. चेन ढिली झाली की रोलरला कापत जाते, चुरा खाली तेलात पडतो आणि ऑइल पंपाच्या तोंडच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी अर्धी भरली की तेल कमी चढतं, आणि त्याची पहिली झळ हेडमधल्या कॅमला लागते. नवी चेन घातली आणि जाळी तशीच ठेवली, तर काही महिन्यांत कॅम आणि रॉकर खराब होऊन गाडी परत येते. आवाज तोच, कारण वेगळं.

म्हणून उजवं कव्हर उघडा. जाळी सरकवून बाहेर काढा, डिझेलमध्ये बुडवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने आतून बाहेर साफ करा. उजेडाकडे धरून प्रत्येक भोक मोकळं दिसायला हवं. त्याच बाजूला क्लचवर गोल झाकणाचा सेंट्रिफ्युगल फिल्टर आहे. फिरताना तो जड घाण कडेला फेकतो आणि धरून ठेवतो. पहिल्यांदा उघडाल तेव्हा आत काळ्या मातीसारखा थर सापडेल. कामटीने खरवडा, डिझेलने धुवा, मधल्या तेलाच्या वाटेत घाण ढकलू नका.

जुनं पॅकिंग काढताना पॉलिश पेपर वापरू नका. त्याचा कण चेंबरमध्ये राहतो आणि पृष्ठभाग खोलगट होतो. पॅकिंगवर थिनर लावून दहा मिनिटं थांबा आणि कामटीने सोलत जा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केलीत तर पावसाळाभर तेल गळत राहील. पिस्टनच्या माथ्यावरचा आणि हेडमधला कार्बनही डिझेलमध्ये भिजवून कामटीने आणि पितळी ब्रशने निघतो. रिंगांच्या खाचा जपा.

धुण्याचे तीन डबे ठेवा. पहिल्यात वापरलेलं डिझेल, ढोबळ घाणीसाठी, दुसऱ्यात जरा स्वच्छ, तिसऱ्यात ताजं. दिवस संपला की तिसऱ्याचं दुसरं होतं आणि दुसऱ्याचं पहिलं. हेडमधली तेलाची भोकं पंपाने हवा मारून तपासा, एका टोकाने फुंकलं तर दुसऱ्या टोकाला बोटावर हवा लागली पाहिजे. स्टडच्या आट्यांमधली पांढरी पूड ब्रशने काढा, नाहीतर टॉर्क रेंच खोटं बोलेल. कॉइल आणि ऑइल सील डिझेलमध्ये बुडवू नका, नुसते पुसा. रबराचं काहीही रात्रभर डिझेलमध्ये ठेवू नका, ते फुगतं.

धुतलेला प्रत्येक लोखंडी भाग पुसून लगेच नव्या तेलाचं बोट फिरवा. मग स्वच्छ सुती कपड्यात गुंडाळा. सिलिंडरच्या भिंतीला तेल लावून शेवटी पांढऱ्या कपड्याने पुसून पाहा. कपडा राखाडी आला तर अजून धुणं बाकी आहे.

घाण डिझेल आणि जुनं तेल व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. आपला जांभा सच्छिद्र, वर ओतलेलं खाली विहिरीपर्यंत जातं. कॅनमध्ये भरा आणि जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आता बघायचं

जुनी आणि नवी चेन शेजारी लोंबकळत ठेवा. कड्या मोजा, दोन्हींत सारख्याच हव्यात, आणि तरी जुनी लांब भरेल. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले, माशाच्या काट्यासारखे झाले असतील तर कॅम स्प्रॉकेटही बदला. क्रँकवरचा छोटा स्प्रॉकेट तसा झाला असेल तर तो पडवीत बदलायचा नाही. चेंबर घेऊन मिस्त्रीकडे जा. पुश रॉड त्याच्या भोकात स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. कॅमच्या उंचवट्यावर खड्डे, रॉकरच्या टोकावर खरवड दिसली तर जाळीचा प्रश्न जुना होता. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. खडखड लागली तर ते फुल इंजिनचं काम आहे, हात थांबवा.

चेन आणि पहिली किक

जोडणी उलट क्रमाने. प्रत्येक फिरत्या भागाला तेल, प्रत्येक ओ-रिंग नवी, पिस्टनवरचा इन मार्क कार्ब्युरेटरच्या बाजूला, सर्क्लिप नव्याच. हेडचे नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. मॅग्नेट बसवताना अर्धचंद्र चावी जागेवर आहे याची खात्री करा. चेन क्रँकवर घाला, कॉइल प्लेट आणि मॅग्नेट बसवून टी मार्क जुळवा, चेनची ओढीची बाजू ताणून धरा, ओ मार्क खाचेसमोर ठेवून स्प्रॉकेट कॅमवर बसवा. मग पुश रॉड, स्प्रिंग, बोल्ट.

आता पाना लावून क्रँक हाताने चार पूर्ण फेऱ्या फिरवा, प्लग काढलेला ठेवून. कुठेही ठक्क करून अडला तर जोर देऊ नका. मार्क पुन्हा पाहा, बहुतेक एक दात चुकलेला असतो. चारही फेऱ्या सुरळीत गेल्या आणि मार्क पुन्हा दोन्हीकडे जुळले, की टॅपेट थंड इंजिनावर मॅन्युअलच्या आकड्याला लावा.

इंजिन चढवा, 10 डब्ल्यू 30 तेल भरा आणि पातळी पट्टीवर पाहा. पट्टी पिळायची नाही, नुसती टेकवायची. प्लग अजून बाहेरच, चावी बंद. वीस-पंचवीस किका मारा आणि टॅपेटचं झाकण उघडून पाहा. रॉकरवर तेल ओलं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दिसेपर्यंत किक मारत राहा, आणि तरीही नाही आलं तर इंजिन सुरू करू नका, जाळी आणि हेडची वॉशरं तपासा. तेल आलं की प्लग लावा आणि गाडी सुरू करा. पहिली दहा मिनिटं रेस नको. बसून ऐका, आणि प्रत्येक पॅकिंगच्या कडेवरून कोरडं बोट फिरवा.

साधारण 300 किलोमीटर झाल्यावर तेल पुन्हा बदला, कारण कितीही पुसलं तरी थोडं डिझेल आत राहतंच. ते तेलही पांढऱ्याच डब्यात काढा आणि उन्हात नेऊन ढवळून पाहा.